सुटीचे दिवस आणि मुलांचे डोळे

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात, दिवाळीच्या सुटीपूर्वी केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. बँकेत कारकून आहे आणि माझे शिक्षण कलाशाखेचे आहे. तेव्हा हा मनुष्य डोळ्यांविषयी काय बोलणार, असे कुणाच्या मनात आले असेल तर ते रास्तच आहे. परंतु बँकेच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला गावाची दुखणी जरा लवकर कळतात. डॉक्टरकडे जाण्याआधी पुष्कळ माणसे आमच्याकडे येतात. कुणी ठेव मोडायला येतो, कुणी बायकोचे डोरले पिशवीत घालून सोनेतारण कर्जाचा अर्ज मागतो. त्यामुळे मी जे सांगणार आहे त्यातले वैद्यकीय ज्ञान वाचून आणि डॉक्टरांना विचारून मिळवलेले आहे. उरलेले मात्र माझ्या खिडकीतून दिसलेले आहे.

चार दिवसांनी शाळांना सुटी लागेल. सुटी ही मुलांना असते, आईबापांना नसते. आपल्या माणदेशात तर दिवाळीच्या आगेमागेच साखर कारखान्यांचे धुराडे पेटते आणि कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन कराड, वाळवा, बारामतीकडे फडावर जातात. जी गावात राहतात तीही सुगीत आणि रोजगारात गुंतलेली असतात. म्हणजे वर्षभर ज्या मुलावर शाळेत गुरुजींचे लक्ष असते, ते मूल नेमक्या याच दिवसांत दिवसभर मोकळे असते. त्याच दिवसांत घरात फटाके असतात, भिंतींना लावायचा चुना भिजत पडलेला असतो, आणि दिवाळीमागून मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाची रथयात्रा येते, तेव्हा खेळण्यांच्या पालांत छर्‍याच्या बंदुका आणि धनुष्यबाण टांगलेले असतात. मुलांच्या डोळ्यांना होणाऱ्या इजा याच काळात का होतात, याचे उत्तर एवढ्यात मिळते.

निसर्गाने डोळ्याची व्यवस्था चांगली केली आहे. भुवईचे आणि गालाचे हाड पुढे काढून मधल्या खोबणीत डोळा बसवला आहे. त्यामुळे मोठा चेंडू लागला तर पुष्कळ मार हाड झेलते. पण छर्रा, बाणाचे टोक, विटीचे टोक, फटाक्याचा तुकडा या वस्तू त्या खोबणीत सरळ शिरतात. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, त्याची मधली जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. आपल्या बँकेच्या पासबुकाचे पुठ्ठ्याचे कव्हर बोटात धरून पाहा, अंदाज येईल. एवढ्याशा काचेतून सारे जग आत येते.

माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल, 1987 च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले आणि 1988 मध्ये ‘महाभारत’. गावात एखाद्याच घरी टी.व्ही. असे आणि रविवारी सकाळी त्या घराच्या ओसरीपर्यंत माणसे दाटत. मालिका संपली की आम्ही पोरे उठायचो ते थेट खराट्याचे हीर उपसायला. बांबूची कांब वाकवून सुतळी ताणली की धनुष्य तयार, आणि हिराचा बाण. त्या वर्षांत देशभरच्या नेत्रतज्ज्ञांकडे बाण लागून डोळा फुटलेली मुले आली. लेखकाला किंवा दिग्दर्शकाला दोष देण्यात अर्थ नाही. मूल जे पाहते ते खेळते. आज ते मोबाइलवर पाहते, एवढाच फरक पडला आहे, आणि हा फरक लहान नाही, हे आता सांगतो.

2025 सालच्या दिवाळीत मध्य प्रदेशात काय घडले ते तुमच्यापैकी काहींनी वर्तमानपत्रात वाचले असेल. तिथे प्लॅस्टिकच्या पाइपची एक बंदूक बाजारात आली होती. किंमत दीडशे-दोनशे रुपये. मोबाइलवर तिच्या चित्रफिती फिरल्या आणि मुलांनी ती विकत घेतली, काहींनी घरीच बनवली. दिवाळीच्या मोजक्या दिवसांत भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेर आदी ठिकाणच्या रुग्णालयांत शंभराहून अधिक जण डोळ्याला इजा होऊन दाखल झाले. त्यांत बहुतेक मुले होती आणि काहींची दृष्टी गेली. पुढे विक्रेत्यांवर गुन्हे दाखल झाले. पण गुन्हा दाखल झाल्याने बुबुळ पुन्हा स्वच्छ होत नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी इथे जरा लक्ष द्यावे. या पाइपमध्ये कॅल्शियम कार्बाइडचा खडा टाकतात. तोच, जो गॅस वेल्डिंगच्या दुकानात असतो आणि जो वापरून आंबे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. त्यावर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो. मागून लायटरने ठिणगी दिली की स्फोट होतो. आपल्याकडेही शेतातली माकडे आणि पाखरे हाकलायला असले पाइप वापरतात. आता घात कुठे होतो? ठिणगी देऊनही बार उडाला नाही की मूल स्वाभाविकपणे पाइपच्या तोंडात डोकावून पाहते. नेमका त्या क्षणी बार उडतो. जाळ तोंडावर येतो, प्लॅस्टिकचे तुकडे येतात, आणि त्याहून वाईट गोष्ट म्हणजे कार्बाइड आणि पाण्यातून वायूबरोबरच दुसरा पदार्थ तयार झालेला असतो. तो म्हणजे चुना. विझवलेला, ओला, दाहक चुना. भाजणे, फुटणे आणि चुन्याने जळणे या तिन्ही गोष्टी एकाच डोळ्याच्या वाट्याला एकाच वेळी येतात.

चुन्याचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे अधिक बोलतो, कारण कार्बाइडची बंदूक आपल्या गावात कदाचित येणारही नाही, परंतु चुना घरोघरी आहे. आजीच्या चंचीत चुन्याची डबी आहे, वडिलांच्या खिशात तंबाखूबरोबर चुन्याची प्लॅस्टिकची पुडी किंवा ट्यूब आहे. ही ट्यूब मुलांना खेळणे वाटते. तोंड घट्ट झालेली ट्यूब मूल दोन्ही हातांनी दाबते, ती तोंडाजवळ धरलेली असते, आणि ती फुटते तेव्हा सगळा चुना उघड्या डोळ्यात जातो. दिवाळीआधी घर रंगवायला पिंपात चुनखडी भिजत घातली की ती उकळते, फसफसते. मुले काठीने ढवळायला धावतात.

आम्ल डोळ्यात गेले तर ते बहुधा वरच्या थरावर साका धरवते आणि स्वतःच अडते. चुना अडत नाही. तो अल्कलीच्या जातीचा आहे. तो पेशी विरघळवत आत उतरत राहतो, आणि त्याचे कण पापणीखाली चिकटून राहिले तर तासन्‌तास जाळत राहतो. वरून डोळा फार लाल दिसत नाही, उलट कधी कधी पांढराफटक दिसतो, म्हणून माणसे म्हणतात, फारसे लागले नाही. पांढरेपणा हीच मोठी खूण असते. तिथल्या रक्तवाहिन्या जळून गेलेल्या असतात.

यावर उपाय एकच आणि तो घरात आहे. तो म्हणजे पाणी. डोळ्यात चुना, कार्बाइड, फटाक्याची दारू किंवा कोणतेही रसायन गेले तर पहिल्या मिनिटाला पाणी ओतायला सुरुवात करायची. पाणी नळाचे, बोअरचे, हंड्यातले, टँकरचे, जे स्वच्छ हाताशी असेल ते. मुलाला आडवे करायचे, डोके इजा झालेल्या बाजूला कलते करायचे म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही, पापण्या बोटांनी उघड्या धरायच्या आणि तांब्याने सावकाश धार धरायची. मूल ओरडेल, हातपाय झाडेल, दोघांनी धरावे. चुन्याचा खडा दिसत असेल तर ओल्या स्वच्छ फडक्याच्या टोकाने टिपून घ्यावा, वरची पापणी उचलून तिच्या खालीही धार सोडावी. किती वेळ? घड्याळ लावून किमान अर्धा तास. आपण माणातली माणसे पाणी मोजून वापरतो. ज्यांनी टँकरमागे घागरी घेऊन धावण्यात बालपण घालवले त्यांना अर्धा तास पाणी नुसते ओतत बसणे जिवावर येते, हे मला ठाऊक आहे. पण त्या अर्ध्या तासाला दोन-तीन बादल्या लागतात आणि त्यांची बरोबरी पुढचे कोणतेही औषध करत नाही. लिंबू, व्हिनेगर घालून चुना मारायचा प्रयत्न करू नये. अंगावरचे दूध, मध, तूप घालू नये. धुऊन झाल्यावर लगेच डॉक्टर गाठावा.

एका दिवाळीनंतर बँक उघडली त्या सकाळी एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. मुलाच्या डोळ्यावर कापूस होता. चुना गेला होता लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी. मग पाडवा, मग रविवार. डोळा धुतला होता म्हणजे तोंडावर दोन ओंजळी पाणी मारले होते आणि वर तूप घातले होते. मी म्हणालो, अहो, इतके दिवस थांबलात कशाला? ते म्हणाले, “पैसं हातात आल्याबिगर पुण्याला जायाचं कसं, साहेब?” मी अर्ज लवकर पुढे सरकवला, याहून त्या वेळी माझ्या हातात काही नव्हते. मुलाचे बुबुळ पुढे दुधी काचेसारखे झाले. नेत्रदानातून मिळालेले बुबुळ बसवता येते असे आपण ऐकतो, ते खरेही आहे; पण चुन्याने बुबुळाच्या कडेच्या, नवा थर तयार करणाऱ्या पेशीच मारल्या असतील तर नुसते बुबुळ बसवून ते टिकत नाही. तिथे उपचार फार लांबतो आणि अवघड होतो.

म्हणून बँकेचा माणूस या नात्याने सांगतो, की पैशासाठी थांबू नका. 108 या क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून महाराष्ट्रात सुरू आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. सणाच्या दिवशीही ती येते. दहिवडी-म्हसवडहून आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात, तिथून गरजेप्रमाणे साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय, आटपाडीकडच्या लोकांना मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, आणि तिथेही न झाले तर पुण्याचे ससून. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डोळ्यांच्या शस्त्रक्रियाही आहेत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा, नसेल तर मागून कुणाला आणायला सांगा, पण कागदासाठी निघणे लांबवू नका. आणि बचत गटाच्या भगिनींना माझी विनंती आहे, की गटाच्या शिलकीतून हजार-दीड हजार रुपये असे बाजूला ठेवावेत की जे सुटीच्या दिवशी रात्रीही काढता येतील.

आता दुसरा प्रकार, आणि इथे मी जे सांगितले त्याच्या बरोबर उलट वागायचे आहे. डोळ्यात काही पडले असेल तर धुवायचे. डोळ्याला टोकदार काही लागले असेल किंवा जबर मार बसला असेल तर धुवायचे नाही, चोळायचे नाही, दाबायचे नाही. बाणाचे टोक, काटा, तार, फटाक्याचा पत्रा लागल्यावर डोळ्यातून कोमट पाणी आल्यासारखे झाले, किंवा बाहुली गोल न राहता एका बाजूला ओढल्यासारखी दिसली, तर डोळा फुटला आहे असे समजावे. त्यावर पट्टी घट्ट बांधली तर आतला ऐवज बाहेर येतो. रुतलेली वस्तू उपसू नये. चहाचा कागदी कप डोळ्यावर पालथा ठेवावा, त्याची कड गालाच्या आणि कपाळाच्या हाडावर टेकेल अशी, आणि तो चिकटपट्टीने लावावा. मुलाला खायला-प्यायला देऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायचे आहे का, हे डॉक्टर ठरवतील.

चेंडू किंवा विटी लागून डोळा वरून ठीक दिसला तरी बुबुळामागे रक्त साठलेले असू शकते. अशा मुलाला उताणे झोपवू नये, उशा देऊन बसते ठेवावे आणि त्याच दिवशी दाखवावे.

आपल्या रानाविषयी दोन शब्द. रुई आपल्याकडे बांधाबांधाला आहे. तिच्या चिकाशी मुले खेळतात. हा चीक डोळ्यात गेला तर सुरुवातीला फारसे दुखत नाही, आणि दुसऱ्या दिवशी धुरकट दिसू लागते. न दुखल्यामुळे वेळ जातो. कुंपणाच्या शेराचा चीक मात्र लगेच आगआग करतो. दोन्हीला पाण्याची धार हाच पहिला उपाय. आणि फडावर गेलेली मुले! उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. ती डोळ्याला घासून गेली, किंवा बाभळीचा काटा, ज्वारीचे कूस लागले, की जखम बारीक असते, पण तिच्यातून बुरशी आत शिरते. आठवड्याने बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. तोवर माणसे मेडिकलच्या दुकानातून लाल डोळ्याचा ड्रॉप म्हणून मागून आणतात. त्यात स्टिरॉइड असेल तर लाली कमी होते आणि आत बुरशी फोफावते. झाडपाल्याने झालेल्या जखमेवर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय कोणताही ड्रॉप घालू नका. तसेच डोळ्यातला कण जिभेने काढणारी माणसे अजून गावोगाव आहेत. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण तोंडातले जंतू जखमेत जातात.

फटाक्यांबद्दल तुम्ही दरवर्षी ऐकता, म्हणून थोडक्यात. फुलबाजीचे टोक हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, आणि आपण ती दोन वर्षांच्या लेकराच्या हातात देतो. भुईनळा पेटला नाही म्हणून वाकून पाहणे आणि डब्याखाली सुतळी बॉम्ब लावणे या दोन गोष्टी बंद झाल्या तरी पुष्कळ डोळे वाचतील. ज्यांना इजा होते त्यांत फटाका लावणारेच नसतात, बाजूला उभे राहून पाहणारेही असतात.

हे फक्त दिवाळीपुरते नाही, आणि इथे आपण आपल्याकडेही पाहिले पाहिजे. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत फटाके असतात आणि अलीकडे लेसरचे झोतही असतात. 2023 च्या गणेशोत्सवातल्या मिरवणुकांनंतर नाशिक, कोल्हापूर भागातल्या तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला लेसरने इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. लेसरची जखम दुखत नाही. भिंग तो झोत एका बिंदूवर गोळा करते आणि पडद्याचा नेमका मधला भाग, ज्याने आपण वाचतो, तो भाजतो. त्याला चष्मा नाही. मिरवणुकीत सर्वांत पुढे, गाडीसमोर नाचणारी असतात ती लहान मुलेच. पुढच्या 14 एप्रिलच्या नियोजनाच्या बैठकीत लेसर नको असा ठराव मी मांडणार आहे, आणि तरुण मंडळींनी तो रागाने न घेता ऐकून घ्यावा.

काही जण म्हणतात, एक डोळा गेला तरी दुसरा आहे ना! मन्सूर अली खान पतौडी यांचा एक डोळा 1961 मध्ये मोटार अपघातात निकामी झाला आणि पुढच्याच वर्षी ते भारताचे कर्णधार झाले, हे उदाहरण मला एकाने ऐकवले. उदाहरण खरे आहे. पण ते नबाब होते. सातारा जिल्ह्यातल्या सामान्य घरच्या पोराला सैन्याची आणि पोलिसाची भरती हा मोठा दरवाजा आहे, आणि तिथे दोन्ही डोळे तपासले जातात. शासनाच्या अपंगत्वाच्या मोजणीत एक डोळा पूर्ण जाऊन दुसरा चांगला असेल तर 30 टक्के धरतात, आणि आरक्षणासारख्या बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के लागतात. म्हणजे तो मुलगा भरतीच्या रांगेतूनही बाहेर आणि सवलतीच्या रांगेतूनही बाहेर.

शिवाय दुसरा डोळा सुखरूप राहील याचीही खात्री नसते. ज्यांच्या नावाची लिपी अंध बांधव बोटांनी वाचतात ते लुई ब्रेल जन्मांध नव्हते. त्यांचा जन्म 1809 चा, फ्रान्समधल्या कुव्रे गावचा. वडील घोड्यांची खोगिरे शिवायचे. तीन वर्षांचा लुई त्या कारखान्यात चामड्याला भोक पाडायला गेला आणि आरी घसरून एका डोळ्यात घुसली. इजा एकाच डोळ्याला झाली होती. पण पुढे दुसराही डोळा बिघडला आणि पाचव्या वर्षापर्यंत मूल पूर्ण आंधळे झाले. फुटलेल्या डोळ्यामुळे शरीर आपल्याच चांगल्या डोळ्यावर उलटते, असे क्वचित घडते. वेळेवर उपचार झाला तर ते आज पुष्कळदा टाळता येते, दोनशे वर्षांपूर्वी येत नव्हते.

पालकांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, आणि माझ्या मते ती आजच्या विषयातली सर्वांत मोठी आहे. मूल डोळ्याला लागलेले घरी सांगत नाही. का सांगत नाही? तर मार बसेल म्हणून. “तुला तिकडं मरायला कुणी सांगितलं होतं,” हे आपले पहिले वाक्य असते. ते त्याला आधीच पाठ असते. म्हणून ते डोळा चोळत कोपऱ्यात झोपते आणि आपल्याला दुसऱ्या दिवशी सुजलेला डोळा दिसतो. सुटी लागण्याआधी घरात एकदा स्पष्ट सांगून टाका, की डोळ्याला काही झाले आणि लगेच येऊन सांगितले तर मारणार नाही, रागावणारही नाही. आणि तो शब्द पाळा. मित्राच्या डोळ्याला आपल्या हातून लागले तरी हेच. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही पळून जाऊ नका. मोठे माणूस येईपर्यंत पाणी ओतायचे की कप ठेवायचा, हे तुम्हाला आता माहीत आहे.

लहान मुलाचा एक डोळा अधू झाला तर ते स्वतःला कळतही नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने सगळे दिसत असते. सात-आठ वर्षांच्या आत अशा डोळ्यावर उपचार झाला नाही तर मेंदू त्याचे काम घेणे सोडून देतो आणि मग चष्म्यानेही तो परतत नाही. तपासणी अगदी सोपी आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून मुलाला दहा फुटांवर उभे करा, एक डोळा तळहाताने झाका, बोटांच्या फटीतून पाहत नाही ना ते बघा, आणि मोठे आकडे वाचायला सांगा. मग दुसरा. दोन्हींत फरक आढळला तर डॉक्टरांना दाखवा. आज सभागृहाच्या दाराशी, चपला ठेवतो त्या बाजूच्या भिंतीवर, आकड्यांचा एक तक्ता लावला आहे आणि जमिनीवर खडूने दहा फुटांची रेघ मारली आहे. जेवणाची पंगत बसायला अजून अर्धा तास आहे. त्या वेळात प्रत्येक पालकाने आपल्या मुलाला त्या रेघेवर उभे करावे. मी तिथे वही घेऊन बसतो आहे; ज्यांच्या दोन डोळ्यांत फरक निघेल त्यांची नावे लिहून घेऊन येत्या सोमवारी त्यांना तालुक्याला तपासणीसाठी न्यायचे आपण ठरवले आहे.